भिंतीपाशी न आलेले

मोठ्या सरांच्या खोलीतली एक भिंत रुग्णालयात सगळ्यांना माहीत होती. शाळेत मुलांची उंची मोजायला मारतात तशा निळ्या आडव्या रेघा तिच्यावर जमिनीपासून पार वरपर्यंत मारलेल्या होत्या. खांदा आखडलेला माणूस पहिल्यांदा आला की तो भिंतीकडं तोंड करून उभा राही, दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवरून मुंगीच्या चालीनं वर नेई, आणि जिथं ती थांबत तिथं सर स्वतःच्या हातानं एक लाल टिकली चिकटवत. मग इंजेक्शन. सहा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा त्याच जागी उभा राही आणि हात जिथवर जाई तिथं हिरवी टिकली लागे. लाल टिकल्या छातीच्या उंचीला, हिरव्या डोक्याच्या वर. लांबून पाहिलं तर भिंतीला खालून गाजरं आणि वरून पाला फुटल्यासारखा दिसे.

हिरव्या टिकल्यांच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, खोलीचं दार उघडं असे. बाहेरच्या बाकांवर बसलेली माणसं माना लांब करून बघत आणि एखाद्याचा हात सरळ वर गेला की टाळ्या वाजवत. सरांना त्या टाळ्या आवडत. रुग्णांनाही आवडत. जो हात सहा महिने पाठीमागं जात नव्हता, केस विंचरू देत नव्हता, रात्री कुशीवर झोपू देत नव्हता, तो सगळ्यांसमोर वर जातो म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला सगळे मुंगी म्हणत. तोंडावर मॅडम आणि पाठीमागं मुंगी. हे नाव रुग्णालयात आणलं तिच्या मावशीनं. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं, आणि एकेक दाणा नेऊन ठेवावा तशी प्रत्येक गोष्ट जागच्या जागी नेऊन ठेवणाऱ्या भाचीला ती पहिल्यापासून मुंगी म्हणत आली होती. मागच्या वर्षी मावशीचा उजवा खांदा आखडला. ती इंजेक्शन घ्यायला आली आणि भरल्या व्हरांड्यात ओरडली, "मुंगे, माझी पर्स धर गं जरा." दुपारपर्यंत औषधाच्या खिडकीपर्यंत बातमी पोचली होती.

इंजेक्शनची कल्पना सरांची नव्हती, पण हात सरांचा होता. आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीची पातळ पिशवी आवळून बसते. तिच्यात सुईनं खारं पाणी आणि थोडं औषध दाबानं भरायचं, म्हणजे ती ताणली जाते आणि हाताला फिरायला जागा मिळते. सरांनी त्यात स्वतःचे दोन-तीन बारकावे घातले होते. सुई कुठून घालायची, पाणी किती कोमट हवं, भरताना रुग्णाशी काय बोलत राहायचं. त्यांच्या हाताला यश आहे असं लोक म्हणत, आणि मुंगीचंही मत तेच होतं.

ह्या कामावर लेख लिहायचं सरांनीच सुचवलं. वैद्यकीय संशोधनात अशा लेखाला केस सिरीज म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं. एकच दुखणं असलेली, एकच उपचार घेतलेली माणसं घ्यायची आणि त्यांचं पुढं काय झालं ते सांगायचं. बाजूला दुसरा गट नसतो, म्हणजे उपचार न घेतलेल्यांचं काय झालं हे त्यात दिसत नाही. म्हणून केस सिरीज काही सिद्ध करत नाही. ती फार तर बोट दाखवते, की इकडं काहीतरी आहे, कुणीतरी नीट बघा. पण बोट नेमकं दाखवायचं तर एक पथ्य असतं. रांगेत जो आला तो मोजायचा. हा सोयीचा, तो गैरसोयीचा, असं करायचं नाही.

मुंगीनं लेख लिहिला. सरांनी मोठ्या मनानं तिचं नाव पहिलं घातलं. ह्या मोठेपणाला किंमत होती, कारण चार वर्षं ती वर्षाच्या करारावर काम करत होती, आणि आता एक कायम जागा निघाली होती. निवड समितीला उमेदवाराच्या नावावर छापून आलेला एक तरी लेख हवा होता. सर म्हणाले होते, एवढा एक लेख आला की तुझं काम झालं समज.

लेखात एक वाक्य होतं: सहा महिन्यांनी तपासलेल्या सर्व छत्तीस रुग्णांच्या हाताची हालचाल लक्षणीय सुधारली. वाक्य खरं होतं. भिंतीवरच्या हिरव्या टिकल्या मोजून लिहिलेलं होतं.

नियतकालिकाकडून उत्तर आलं ते चांगलं होतं. थोडे बदल करा, छापू. परीक्षकानं, ज्याचं नाव लेखकाला कधी कळत नसतं, एकच शंका काढली होती. त्या काळात इंजेक्शन एकूण किती जणांना दिलं? तपासणीला न आलेल्यांचं काय झालं?

इंजेक्शन दिलं होतं बावन्न जणांना. सोळा जण आलेच नव्हते.

मुंगीनं हे सरांना दाखवलं तेव्हा ते हात धूत होते. त्यांनी वाचलं आणि हसले. म्हणाले, ह्या लोकांनी कधी रुग्ण पाहिलेले नसतात. "अगं, पाऊस थांबल्यावर छत्री उघडून कोण फिरतं? बरा झाला तो आपल्या कामाला लागला. ज्याचं दुखतंय तो बोंबलत येतो, न बोलावता. लिहून टाक, उरलेल्यांना आराम पडल्यामुळे ते आले नाहीत."

मुंगीला हे पटलं, कारण तिच्याजवळ दाखला होता. सोळा जणांत तिची मावशीच होती. शनिवारच्या तपासणीला मावशी आली नव्हती. फोनवर विचारलं तर म्हणाली होती, ठणठणीत आहे, दुकान सोडून कुठं त्या भिंतीपुढं उभी राहू. दर आठवड्याला फोन होई आणि दर आठवड्याला मावशी ठणठणीत असे. मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि मुंगीचे रविवारसुद्धा रुग्णालयात जायचे, तेव्हा प्रत्यक्ष गाठ पडून बरेच महिने झाले होते.

तिनं वाक्य लिहिलं आणि लेख सोमवारी पाठवायचा असं ठरवलं. समितीपुढं जायचं तर केस जरा नीट असावेत, म्हणून रविवारी ती मावशीच्या दुकानात गेली.

मावशीचं दुकान म्हणजे केस कापायचं पार्लर. एक खोली, दोन आरसे, तीन खुर्च्या, आणि पाणी तापवायची एक टाकी जी मावशीच्या मते तिच्यापेक्षा वयानं मोठी होती. एका खुर्चीवर मदतनीस बाई कुणाच्या तरी केसांना रंग लावत होती. मावशीनं भाचीला बघून, वाळली आहेस, असं नेहमीचं स्वागत केलं आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

खुर्चीत बसल्यावर मुंगीला वाटलं आपण खड्ड्यात बसलोय. खुर्ची पार खाली उतरवलेली होती, आरशात तिचं तोंड जेमतेम हनुवटीपर्यंत दिसत होतं. समोरची फळी, जिच्यावर कात्र्या, कंगवे, फवारे असत, ती पूर्वी डोक्याच्या उंचीला होती. आता तिथं भिंतीवर नुसती चार भोकं होती आणि फळी कमरेएवढी खाली आली होती. केस वाळवायचं यंत्र छतातल्या कडीला दोरीनं टांगलं होतं. मावशी ते हातात धरत नव्हती, बोटानं फक्त त्याचं तोंड इकडंतिकडं करत होती. आणि कापताना तिचं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. वरचे केस कापायचे झाले की ती हात उचलत नव्हती, भाचीचं डोकं वाकवत होती.

मुंगी आरशातून हे सगळं बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, हात वर कर."

"कशाला? चोरी केली का मी?"

"कर ना."

मावशीनं कात्री खाली ठेवली, हात उचलला. तो छातीपर्यंत आला. त्यापुढं खांदाच उचलला गेला, मान तिकडं कलली आणि तोंड जरासं वाकडं झालं. इंजेक्शनच्या दिवशी लाल टिकली जिथं लागली होती, त्याहून दोन बोटं वर असेल नसेल.

मदतनीस बाई म्हणाली, ताई तर दिवसातून दोनदा खांदा शेकतात. मावशीनं तिच्याकडं असं बघितलं की ती पुन्हा रंगाकडं वळली.

मुंगीनं विचारलं, मग ठणठणीत कशाला सांगत होतीस. मावशीनं आधी साखरेवर ढकललं, साखर वाढली की सगळंच धरतं म्हणाली. मग वयावर ढकललं. मग कात्री पुन्हा हातात घेऊन, भाचीचं डोकं पुढं वाकवून, म्हणजे आरशात नजरेला नजर येणार नाही अशी सोय करून, खरं ते बोलली.

"तुझे सर किती प्रेमानं करतात गं. आणि तू तिथं शेजारी उभी. बाहेर वीस माणसं टाळ्या वाजवायला बसलेली. त्यात मी जाऊन हात असा इथवर नेऊन थांबवू? तुझं तोंड कसं झालं असतं? म्हटलं, नकोच. मी नाही गेले तर काय बिघडतंय. एक माणूस कमी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंच झालं होतं. तिच्या लेखातल्या वाक्याचा एकमेव पुरावा तिच्या डोक्याशी उभा होता आणि त्याचं कोपर बरगडीवरून हलत नव्हतं.

निघताना मावशी म्हणाली, तुझ्या त्या लेखात माझं नाव नको घालूस. नाव कुणाचंच नसतं, मुंगी म्हणाली. "मग आकड्यातही नको," मावशी म्हणाली. "जागा मिळू दे तुला आधी."

सोमवारी मुंगीनं लेख पाठवला नाही. उरलेल्या पंधरा जणांचे फोन नंबर काढले आणि दुपारची ओपीडी संपल्यावर पट्ट्या-बँडेजच्या खोलीत बसून एकेकाला फोन लावायला लागली.

रुग्णालयातून फोन आला की माणसं आधी घाबरतात. पहिल्या बाईंनी तर, माझ्या नवऱ्याचं काही आलंय का, म्हणून रडायलाच सुरुवात केली. नवरा शेजारीच पेपर वाचत बसला होता. हळूहळू मुंगीला बोलायची रीत सापडली. आधी सांगायचं की काही वाईट नाही. मग विचारायचं की हात कसा आहे. आणि मग गप्प बसायचं, कारण पहिलं उत्तर नेहमी 'बरं आहे' असंच येई, आणि खरं उत्तर त्याच्यानंतर, जरा थांबून.

काही जण खरोखरच बरे होते. एक रंगारी शिडीवरूनच बोलला, हात छताला लागलाय मॅडम, ठेवू का आता? सरांचं म्हणणं त्याच्यापुरतं अगदी खरं होतं, छत्री मिटवून तो कामाला लागला होता. पण एका निवृत्त शिक्षिकेनं सांगितलं की त्या शनिवारी ती आली होती. बाकावर बसली, तीन जणांचे हात वर जाताना पाहिले, टाळ्यासुद्धा वाजवल्या आणि आपला नंबर यायच्या आत उठून गेली. "चाळीस वर्षं मुलांना फळ्यापाशी उभं केलं," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे, ज्याला येत नाही तो त्या दिवशी शाळेतच येत नाही." दुसऱ्या एका माणसानं दुसरीकडं जाऊन ऑपरेशन करून घेतलं होतं. ते सांगताना तो इतका ओशाळला होता, जणू सरांचा अपमानच केला.

ह्यात एक फोन चुकून लागला. इंजेक्शनच्या दिवसाच्या यादीत एका शिंप्याचं नाव होतं, पण इंजेक्शनच्या नोंदीत ते नव्हतं, हे मुंगीच्या लक्षात आलं नाही. शिंपी फोनवर आधी नुसता हसत सुटला. मग म्हणाला, मॅडम, मला ती सुई दिसली आणि मी मागच्या दारानं पळालो. आयुष्यभर सुईवर पोट भरलेला माणूस सुईला भिऊन पळाला, ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. बायकोला वाटत होतं की इंजेक्शन झालंय. आणि हात? हात उत्तम. कधी सुटला ते कळलंही नाही, एक दिवस वरच्या खुंटीवरचा कोट काढला आणि काढल्यावर ध्यानात आलं. "बायको सगळ्यांना सांगते, तुमच्या डॉक्टरांची काय ती जादू. तिला काही सांगू नका हं."

शिंपी काही बावन्नांत नव्हता, त्याला मोजायचं कारण नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मुंगी बराच वेळ त्याचाच विचार करत राहिली. आखडलेला खांदा पुष्कळदा आपण होऊन सुटतो, वर्षानं, दोन वर्षांनी. हे पुस्तकात होतं, परीक्षेत तिनं लिहिलंही होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर कावळ्याला श्रेय मिळतं. भिंतीवरच्या हिरव्या टिकल्यांपैकी किती फांद्या आपण होऊन तुटायच्याच होत्या? ते सांगणारा माणूस तिच्याजवळ एकच होता, आणि तो मागच्या दारानं गेलेला.

आठवडाभरानं चित्र असं दिसलं. सोळांपैकी तिघांचा पत्ताच लागला नाही. पाच जण बरे होते. दोघांनी दुसरीकडं ऑपरेशन केलं होतं. मावशी धरून सहा जण जवळजवळ होते तिथंच होते, आणि त्या सहांत चौघांना साखरेचा आजार होता. ही शेवटची गोष्ट तिनं दोनदा तपासून बघितली. चार माणसांवरून काही म्हणता येत नाही. पण विचारता येतं.

ती सरांकडं गेली तेव्हा ते भिंतीवरची एक सुटलेली टिकली अंगठ्यानं दाबून बसवत होते. तिनं सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. पहिलं म्हणजे ते म्हणाले, हे उद्योग तुला सांगितले कुणी होते. मग म्हणाले, फोनवर हात मोजता येतो का? मी रेघांवर मोजतो, तू आवाजावर मोजतेस. ह्या बोलण्यात तथ्य होतं आणि मुंगीनं ते कबूल केलं. म्हणाली, तसंच लिहू, की ही माहिती फोनवर मिळाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, डॉक्टर," सर म्हणाले. "तू उघडून दाखवतेयस. हे असं लिहिलंस तर ते छापतीलच असं नाही. आणि समिती पुढच्या महिन्यात आहे. माझं काय, दोन वर्षांत मी घरी बसणार. तुझं बघ."

"बघितलं, सर."

"मग माझं काम खोटं ठरलं म्हणायचं?"

"खोटं नाही. छोटं ठरलं. छत्तीस जणांचे हात वर गेले हे खरंच आहे. पण ते कशानं गेले हे आपल्याला सांगता येत नाही, आणि जे आले नाहीत ते बरे होते असं तर मुळीच म्हणता येत नाही."

सरांनी विचारलं, तुझी मावशी का आली नाही? तिला तर तू घरची होतीस.

हे सांगायचं मुंगीनं टाळलं होतं. आता सांगितलं. टाळ्या, बाक, सरांचं प्रेमानं वागणं, आणि तुझं तोंड कसं झालं असतं हे वाक्य. शिक्षिकेचं फळ्याचं बोलणंही सांगितलं. सर खुर्चीत बसले. आकड्यांवर त्यांनी वाद घातला होता, ह्याच्यावर घातला नाही. उघड्या दारातून बाहेरचे रिकामे बाक दिसत होते. त्यांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, जा आता तू, मला एकट्याला बसू दे.

दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतं बोलले. परिचारिकांनी ताबडतोब निष्कर्ष काढला की मुंगीची जागा गेली. तिसऱ्या दिवशी लेखाची प्रत तिच्या टेबलावर येऊन पडली. सरांनी पेननं फक्त दोन ठिकाणी खोडलं होतं. शीर्षकात 'आखडलेल्या खांद्यावर गुणकारी उपचार' असं होतं, त्यातला 'गुणकारी' काढला होता. आणि 'आराम पडल्यामुळे आले नाहीत' ह्या वाक्यावर आडवी रेघ मारून समासात लिहिलं होतं: हे मी सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. बावन्न लिही. मावशींनाही धर.

मुंगीनं बावन्न लिहिले. कोण आले, कोण आले नाहीत, न आलेल्यांचं काय कळलं आणि काय नाही. तपासणीची पद्धतच अशी होती की सुधारणा न झालेल्यांना यायला संकोच वाटावा, हेही लिहिलं. साखरेच्या रुग्णांबद्दल एक परिच्छेद लिहिला, त्यात 'कदाचित' हा शब्द तीनदा आला, तेव्हा एक काढला. आणि शेवटी लिहिलं की ह्या लेखावरून उपचार लागू पडतो असं ठरत नाही. तुलनेसाठी दुसरा गट घेऊन अभ्यास करावा लागेल, तो करण्याइतपत हे निरीक्षण महत्त्वाचं आहे.

त्या नियतकालिकानं लेख परत पाठवला. संपादकांनी सभ्य शब्दांत कळवलं होतं की आता निष्कर्ष फारच सौम्य झाला आहे. म्हणजे हात वर गेले होते तोवर लेख हवा होता, काही हात खाली राहिले म्हटल्यावर नको होता. मुंगीनं तो दुसऱ्या, लहान नियतकालिकाकडं पाठवला. समितीच्या दिवशी लेख विचाराधीन आहे, एवढंच तिला सांगता आलं. कायम जागा दुसऱ्या विभागातल्या एका हुशार मुलाला मिळाली. तिला कराराचं आणखी एक वर्ष मिळालं. त्या दिवशी ती नेहमीप्रमाणं ओपीडीत बसली, संध्याकाळी मावशीकडं गेली आणि तिथं थोडी रडली. मावशीनं समितीतल्या सगळ्यांचा त्यांच्या आयांसकट उद्धार केला आणि मग स्वतःवर घसरली, की त्या दिवशी तू केस कापायला आलीच नसतीस तर. मुंगी म्हणाली, तर मी खोटं लिहिलं असतं, आणि मला कळलंही नसतं.

लहान नियतकालिकानं लेख छापला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण काही महिन्यांनी एका अनोळखी डॉक्टरीणबाईंचा मेल आला, की आमच्याकडंही साखरेच्या रुग्णांचे खांदे असेच अडतात, आम्हाला वाटायचं आमचाच हात वाईट आहे. मुंगीनं तो मेल सरांना वाचून दाखवला. सर म्हणाले, त्यांना विचार, त्यांच्याकडं न येणारे किती आहेत.

मावशीचा खांदाही पुढं सैल पडत गेला. नवं औषध नाही, शेक तोच. ती गिऱ्हाइकांना सांगू लागली की भाचीच्या रुग्णालयातलं इंजेक्शन आहे, जरा उशिरा लागू पडतं, पण पडतं. मुंगीनं तिला शिंप्याची गोष्ट सांगून पाहिली. मावशी म्हणाली, शिंप्याचं शिंप्यापाशी, माझ्या खांद्यातलं मला कळतं.

त्याच वर्षी सरांनी आणि मुंगीनं नवा अभ्यास सुरू केला. ह्या वेळी दोन गट होते. अर्ध्यांना इंजेक्शन आणि व्यायाम, अर्ध्यांना नुसता व्यायाम. कुणाला काय मिळेल ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, सर नाही. परवानगी, कागदपत्रं, समजावणी, सगळं मुंगीनं जुळवलं. अडचण एकाच गोष्टीची होती. चिठ्ठी उघडण्याआधी सरांनी प्रत्येक रुग्णाला स्वतः सांगायचं होतं, की कोणता उपचार चांगला हे आम्हाला माहीत नाही. तीस वर्षांत ते वाक्य सरांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

पहिला रुग्ण बसचालक होता. गिअर टाकताना खांद्यात कळ येते म्हणून आला होता. दार बंद होतं. सरांनी हात तपासला, चार प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, इंजेक्शन तसं उत्तमच आहे, पण. इथं मुंगी खाकरली. सर थांबले. पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "इंजेक्शननं जास्त फायदा होतो की नुसत्या व्यायामानं, मला माहीत नाही."

चालकानं त्यांच्याकडं पाहिलं, मग मुंगीकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं. "माझ्या मेहुण्याला तुम्हीच टोचलं होतं. तेव्हा तर म्हणाला होतात, शंभर टक्के."

"म्हणालो असेन. जे बरे होऊन येत होते, त्यांनाच विचारत होतो."

चालक जरा वेळ खांदा चोळत बसला. मग म्हणाला, तुम्हालाच माहीत नाही म्हटल्यावर मी कशाला हुशारी करू, काढा चिठ्ठी. मुंगीनं पाकीट उघडलं. नुसता व्यायाम निघाला. सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर निराशा दिसली, आणि मुंगीनं ती बघितल्याचं त्यांनीही बघितलं. सरांनी मुकाट्यानं व्यायाम दाखवायला सुरुवात केली, कोपर असं, पाठ ताठ, दुखलं की थांबायचं.

चालक उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "सहा महिन्यांनी यायचं म्हणालात. आणि समजा फरक पडला नाही, तर?"

"तर आधी या," सर म्हणाले. "आणि नाही आलात, तर ह्या मॅडम फोन करतील. त्यांना बरं आहे म्हणून कटवू नका. त्या फोन लगेच ठेवत नाहीत."